मासा कानाने बघतो

गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, बसलेल्या माणसाला 'काही गावलं का?' असं विचारू नये, हा माझ्या आजोळचा अलिखित नियम. मासा मिळाला असेल तर तो टोपलीत दिसतोच, आणि मिळाला नसेल तर विचारणाऱ्याचं तोंड सकाळी सकाळी पाहिलं म्हणूनच मिळाला नाही, असं ठरतं. बोलायचंच असेल तर पाण्याबद्दल बोलावं. 'पाणी खंय पोचला?' म्हटलं की गरवणारा मान न वळवता 'अजून भरता हा' किंवा 'सुकती लागली', म्हणजे ओहोटी लागली, एवढं सांगतो. संभाषण संपतं. दोघांचाही मान राहतो.

आजोळ सिंधुदुर्गातल्या कर्ली नदीच्या काठावर, नेरूरपारच्या पुलाच्या खालच्या अंगाला. सह्याद्रीतून उतरलेली ही नदी देवबागेला समुद्राला मिळते, पण आमच्यापर्यंत येता येता तिची अर्धी खाडी झालेली असते. दिवसातून दोनदा समुद्र तिच्यातून उलटा वर चढतो, दोनदा खाली उतरतो. नदीतल्या बेटाला आमच्याकडे जुवा म्हणतात. तसा एक जुवा गावासमोर आडवा पडलाय. त्याच्या पलीकडून मोठी नदी जाते आणि अलीकडून एक अरुंद फाटा. दोन्ही काठांना चिप्पी, तिवर आणि कांदळ, ही सगळी खारफुटीची झाडं. हा फाटा म्हणजे मामाचं ऑफिस. पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्याने इथे रुजू होऊन आता अकरा वर्षं झाली.

मामाकडे बांबूची काठी नाही, फिरकी नाही. प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेलं तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, टोकाला शिसं, गरी म्हणजे गळ आणि गरीला सुंगट, म्हणजे कोळंबी. बाटली डाव्या हातात, तंगूस उजव्या हाताच्या तर्जनीवर. सगळं जग त्या एका बोटाच्या पेरावर येऊन थांबलेलं असतं. काळुंदर मासा येतो तो चिमटे काढल्यासारखा टोचतो. शेंगाळा गिळून सावकाश चालू लागतो. तांबोशी मात्र कांदळाच्या मुळांतून सुटते ती थेट ओढूनच नेते, आणि पुन्हा मुळांत शिरायच्या आत तिला वर घेतली नाही तर तंगुसासकट गरी गेली म्हणून समजायचं. हे मला मामाने सांगितलं. माझ्या बोटाला यातलं काहीच वेगळं ओळखू येत नाही. मला खेकड्याने आमिष कुरतडलं तरी तांबोशी वाटते.

गरवणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असं पुण्यात माझ्या सोसायटीत कुणीही सांगेल. त्यांच्यासाठी माझ्याकडे एक राजा आहे. बाराव्या शतकातल्या कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लास' नावाच्या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये 'मत्स्यविनोद' धरला आणि गळाने मासे कसे धरावेत यावर संस्कृतात रीतसर लिहून ठेवलं. राज्य चालवून वेळ उरत होता, म्हणजे माणूस कामाचा असणार.

तर फाट्यावर पाळायची पहिली गोष्ट म्हणजे गप्प बसणं. लहानपणी मी प्रश्न फार विचारायचो. मामा दर वेळी तेच सांगायचा, "गप ऱ्हव. मासो डोळ्यान नाय, कानान बघता." गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग तो किती, म्हणून हे मला पटायचं. पुढे वाचनात आलं की मामाचं म्हणणं पाऊण खरं आहे. माशाला बाहेरून कान दिसत नसला तरी आत असतो, आणि शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंनी एक रेघ असते, तिला पाण्याची बारीकशी हालचालही कळते. शेंगाळा तर या बाबतीत भाग्यवान. त्याच्या आतल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत कण्याच्या हाडांपासून बनलेल्या चिमुकल्या हाडांची साखळी असते. पिशवी थरथरली की कान ऐकतो. मिशा दाखवून फिरणारा हा गृहस्थ असा ढोलच पोटात घेऊन हिंडतो.

उरलेलं पाव मात्र मामाच्या विरोधात जातं. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून बहुतेक सगळा परत फिरतो, खाली फार थोडा शिरतो. म्हणजे माझ्या बडबडीने मासे पळत नव्हते. काठावर मी टाचा आपटत होतो, त्याने पळत असतील. हे मी मामाला चाळिशी उलटल्यावर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मासो पळणा नाय असात. पण मी पळतंय मां!"

होडीच्या इंजिनाचं तसं नसतं. त्याचा पंखा मुळात पाण्यातच असतो, त्यामुळे त्याच्या आवाजाला कुठला उंबरठा ओलांडायचा नसतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, पाण्यात जवळजवळ 1500. खालच्या वळणावर होडी यायला लागली की तिचा घुर्र आमच्या कानावर पडायच्या आधी शेंगाळ्याच्या ढोलावर पडलेला असतो. मामाला हे आकडे ठाऊक नाहीत. त्याला फक्त इतकं कळतं की बोटावरचं तंगूस अचानक मेल्यासारखं होतं. "इला," तो म्हणतो. मी कान टवकारतो, काही नाही. मग दोन-तीन श्वासांनी लांबून घुर्र ऐकू येतं.

"इला बघ तुझ्या भावाचा विमान."

विमान माझ्या मामेभावाचं आहे, हीच तर सगळी अडचण. परक्याचं असतं तर ग्रामपंचायतीत अर्ज गेला असता, चार जण सह्या करायला आले असते. पण ती फायबरची होडी मामाच्या मुलाची. कर्जाला जामीन मामा. होडीची पूजा झाली तेव्हा नारळही मामानेच फोडला. मामेभाऊ देवबागेच्या संगमावरून पर्यटक घेतो. त्यांना डॉल्फिन दाखवतो, वाळूच्या त्या पट्ट्यावर उतरवतो ज्याला आता सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, आणि ज्यांना 'काहीतरी शांत' बघायचं असतं त्यांना खाडीतून वर आमच्या फाट्यापर्यंत कांदळवन दाखवायला आणतो. शांतता दाखवायला चाळीस घोड्यांचं इंजिन लागतं.

या इंजिनाचीही एक कथा आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये ओले एव्हिन्रूड नावाचा एक कारागीर होता. कडक उन्हाळ्यात तळ्याकाठी सहलीला गेला असताना त्याच्या वाग्दत्त वधूला आइस्क्रीम खावंसं वाटलं. हा बिचारा वल्ही मारत पलीकडे गेला, आइस्क्रीम घेऊन वल्ही मारत परत आला, तोवर त्याचं दूध झालेलं. त्या घामातून त्याला होडीच्या मागे अडकवायच्या इंजिनाची कल्पना सुचली, असं सांगतात. 1909 साली त्याची इंजिनं बाजारात आली. तसलं इंजिन करणारा तो पहिलाच नव्हता, पण ते घरोघरी नेणारा तोच. शंभर वर्षांपूर्वी तिकडे कुणाचं तरी आइस्क्रीम वितळलं आणि आज कर्लीच्या फाट्यावर मामाची तांबोशी जाते. कर्मविपाक म्हणतात तो हाच.

होडी गेल्यावर उरते ती लाट. तिची एक गंमत मला फार उशिरा कळली. पूर्ण वेगात असलेली होडी पाण्यावर चढते आणि घसरत जाते. अगदी हळू असलेली पाणी हलकेच बाजूला सारत जाते. या दोहोंच्या मधल्या वेगात मात्र तिचं नाक वर उठतं, बूड खाली बसतं आणि ती पाणी नांगरत निघते. सर्वांत मोठी लाट तेव्हा उठते. आता माझा मामेभाऊ गुणी मुलगा. वळणावर वडील दिसले की आदराने वेग निम्मा करतो. झालं, नांगर सुरू. तो आदर दोन्ही काठांवर आपटून परत येतो, चिप्पीच्या मुळांतला चिखल ढवळतो, मामाची आमिषाची करवंटी घेऊन जातो आणि माझी चप्पल. बेपर्वाईने भरधाव गेला असता तर एवढं नुकसान झालं नसतं, पण हे बापाला कसं सांगणार आणि मुलाला तरी कसं?

मी एकदा सांगून बघितलं. म्हणालो, तू त्या फाट्यात येतोसच कशाला, पलीकडून मोठी नदी पडली आहे की. तो हसला. पलीकडे काय दाखवू, म्हणाला. पाणी? बरोबर होतं त्याचं. खंड्या फाट्यात, घारीचं घरटं फाट्यात, पाण्यावर वाकलेलं कांदळ फाट्यात. आणि फाटा उथळ. सुकतीला होडीचं बूड चिखलाला लागतं, तेव्हा त्याला आत शिरायला भरतीच लागते. मासेही भरतीबरोबरच आत येतात, म्हणून मामाही भरतीलाच येऊन बसतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हे गणित बापाने मुलाला शिकवलं, त्याच फाट्यावर, मांडीवर बसवून. आता दोघंही तेच गणित करतात आणि तिथे समोरासमोर येतात.

एका दिवाळीत मी भावाच्या होडीत बसलो. मामाला न सांगता. बरोबर पुण्याकडचीच दोन कुटुंबं होती. संगमावरून निघालो तेव्हा अंगावर येणारा वारा, पाण्याचे तुषार, मागे पांढरी रेघ. खोटं कशाला सांगू, मजा आली. इतकी वर्षं मी ज्या नदीचा एक कोपरा बघत बसलो होतो, ती पंधरा-वीस मिनिटांत सबंध दिसली. वालावलच्या बाजूचे माड दिसले, वाळूच्या होड्या दिसल्या. मग वळण आलं. भावाने आदराने वेग कमी केला, नाक वर उठलं, आणि चिप्पीखाली एक म्हातारा उकिडवा बसलेला दिसला. डोक्यावर टॉवेल, हातात बाटली. शेजारची बाई फोन काढत हळूच म्हणाली, "किती पीसफुल आहे ना!" तिचे यजमान म्हणाले, "यांचं बरं असतं बुवा." माणूस हलला नाही. होडीतून तो चिप्पीच्या खोडासारखाच दिसत होता, बघून पुढे जाण्यासारखा. मी तोंडावर टोपी ओढली. मागे वळून पाहिलं तेव्हा लाट काठाला पोचत होती आणि तो करवंटी उचलत होता.

संध्याकाळी जेवताना मामाने विचारलं, "बसलंस कसो, पुढे की मागे?"

"मधे," मी म्हणालो.

"मागे बसाचा. मागे कमी उडता." एवढंच. आणि मला शेंगाळ्याचा आणखी एक तुकडा वाढला.

2020 च्या एप्रिलमध्ये, सगळं बंद होतं तेव्हा, मामाचा फोन आला. मी पुण्यात घरात कोंडलेला, ब्रेड मिळतो की नाही या विवंचनेत. होडी ओढून माडांखाली ठेवली होती, वर झावळ्या घातल्या होत्या. मासे किती मिळतात म्हणून मी नियम मोडून विचारलं. "मासो आता काठार येवन इचारता, काय मामानू, बरा मां?" मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "झील दिवसभर खळ्यात बसान आसता रे. हप्तो थकलो." झील म्हणजे मुलगा. तेवढ्यात लाइन तुटली की त्याने ठेवला, कळलं नाही. पावसाळ्यात दर वर्षी इंजिनं गप्प होतातच. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, पर्यटकांच्या होड्याही तेव्हा काठावर. पण ती शांतता ठरलेली असते, परतायची तारीख घेऊन आलेली. ही तशी नव्हती.

गेल्या दिवाळीत आजोळी गेलो तर नवीन व्यवस्था दिसली. कुणी कुणाला काय सांगितलं ते मला कुणी सांगितलं नाही. त्या घरात महत्त्वाच्या गोष्टी बोलून ठरत नाहीत. मामा आणि मी चिप्पीखाली बसलो होतो, भरती अर्धी झाली होती. मामाच्या बोटावरचं तंगूस मेलं. "इला," तो म्हणाला. घुर्र ऐकू आलं, वाढलं आणि वळणाच्या अलीकडेच एकदम बंद पडलं. मला वाटलं बिघडलं. मग वळणावरून होडी आली, इंजिन मागे उचललेलं, पंखा हवेत. भरतीचं पाणीच तिला आत आणत होतं. भाऊ मागे उभा राहून वल्ह्याने नुसती दिशा देत होता. होडीतले सगळे गप्प. बहुधा त्यांनाही वाटलं असावं की बिघडलं. खंड्याची शिट्टी ऐकू आली. वल्ह्यावरून गळणारं पाणी ऐकू आलं. लाट नावालाही नाही. मामाने डोळा वर केला नाही, पण त्याच्या बोटाखालचं तंगूस किंचित हललं आणि त्याचा खांदा ताठ झाला.

होडी अगदी समोर आली. पुढच्या फळीवर बसलेल्या, गॉगल लावलेल्या एका सद्गृहस्थांना ती शांतता असह्य झाली असावी. दोन्ही तळवे तोंडाभोवती धरून त्यांनी प्रेमाने आरोळी दिली,

"काका, काही मिळालं का?"

भावाने वल्हं तसंच धरून डोळे मिटून घेतले. मी चप्पल वर उचलली, सवयीने.

"अजून भरता हा," मामा म्हणाला.