मागणीचा अंदाज, सॉफ्टवेअर आणि आमचे गोदाम: माझा अनुभव

जिरा सोडा, लिंबू सोडा, आंब्याचे पेय आणि कोकम सरबत बनवणाऱ्या पश्चिम महाराष्ट्रातील एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी साठ्याचे नियोजन पाहतो. लहान पेट बाटलीतील गॅस हळूहळू निघून जात असल्यामुळे सोड्याची मुदत काही महिन्यांचीच असते. त्यामुळे उन्हाळ्यापूर्वी भरपूर माल करून ठेवावा तर लवकर आलेल्या पावसात तो पडून राहतो, आणि हात आखडता घ्यावा तर ऐन एप्रिलमध्ये वितरकांना तोंड देता देता पुरेवाट होते. पूर्वी गेल्या वर्षीच्या आकड्यावर काही टक्के चढवून आणि त्यात विक्री विभागाचा उत्साह मिसळून उत्पादनाचा बेत ठरत असे. २०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही मागणीचा अंदाज बांधणारे सॉफ्टवेअर घेतले.

सॉफ्टवेअर बसवायला फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो त्याला द्यायच्या आकड्यांना. २०२० आणि २०२१ चे उन्हाळे टाळेबंदीत आणि निर्बंधांत गेल्यामुळे ते वगळावेच लागले. उरलेल्या वर्षांतही एक मोठी गफलत होती. एका डेपोच्या २०० मिलीच्या जिरा सोड्याचा आलेख उघडला, तेव्हा एप्रिलच्या ऐन मध्यावर विक्रीची रेषा थेट शून्याला टेकलेली दिसली आणि त्यावरून सॉफ्टवेअरने पुढच्या एप्रिलचा अंदाजही खाली आणला होता. वस्तुतः त्या आठवड्यात मागणी शिगेला पोहोचली होती. झाकणे न आल्यामुळे आमच्याकडे मालच नव्हता. विकला गेलेला माल आणि मागितला गेलेला माल यांतला हा फरक यंत्राला आपोआप कळत नाही. म्हणून गोदामाच्या नोंदींशी ताळा करून साठा संपलेले सगळे दिवस आम्ही वेगळे खुणावले आणि तेथे आजूबाजूच्या आठवड्यांवरून काढलेली संभाव्य मागणी भरली. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत मोलाचे काम हेच होते, आणि ते प्रात्यक्षिक दाखवायला आलेल्या एकाही विक्रेत्याने आम्हाला सांगितले नव्हते.

दुसरी अडचण महिनाअखेरीची. उद्दिष्ट गाठण्यासाठी स्कीम लावून वितरकाच्या गळ्यात माल मारला, की आमच्या बिलांत विक्री फुगते आणि पुढचे दोन आठवडे ती थंडावते. दुकानातील गिऱ्हाईक मात्र रोज तेवढीच बाटली पीत असते. त्यामुळे कंपनीच्या बिलांऐवजी वितरकाकडून दुकानात गेलेल्या मालाचे आकडे आधार म्हणून घ्यायचे ठरले. सगळे वितरक ते वेळेवर देत नाहीत, तरीही मिळतील तेवढे आकडे बिलांपेक्षा खरे बोलतात.

राखीव साठ्यावरून मालकांशी बरीच चर्चा झाली. कोणताच माल कधीही कमी पडू नये, अशी त्यांची स्वाभाविक इच्छा होती. परंतु १०० पैकी ९५ वेळा माल पुरावा असे ठरवले, तर अंदाजातील चुकीच्या प्रमाणित विचलनाच्या (म्हणजे अंदाज साधारणपणे किती पुढेमागे चुकतो, त्या मापाच्या) सुमारे १.६५ पट साठा राखावा लागतो आणि ९९ वेळा म्हटले की तोच २.३३ पटीवर जातो. हे पेट्यांत मांडून दाखवल्यावर ९९ ची पातळी फक्त जिरा सोड्यापुरती राहिली. कोकमाला तर हा आठवड्यांचा हिशेब लागूच पडत नाही, कारण फळ एप्रिल-मेमध्येच येते आणि वर्षभराचे आगळ तेव्हाच घेऊन ठेवावे लागते. तेथे वर्षाचा एकच आकडा काढायचा असतो.

पहिल्याच हंगामात पावसाने परीक्षा पाहिली. २०२५ मध्ये मुंबईत ११ जूनच्या सुमारास अपेक्षित असलेला मोसमी पाऊस २६ मे रोजीच दाखल झाला आणि त्याआधीही मे महिना राज्यभर ओलाच गेला. सॉफ्टवेअरला हे अगोदर कळले नाही, कळणेही शक्य नव्हते. मात्र साप्ताहिक अंदाज घसरू लागताच आम्ही एक लाइन लवकर थांबवली, आणि जुन्या पद्धतीने महिनाअखेरीपर्यंत थांबलो असतो तर जेवढा माल अंगावर पडला असता, त्यापेक्षा बराच कमी पडला. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून फळरसाच्या पेयांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येणार असे जाहीर होताच वितरकांनी आंब्याच्या पेयाची खरेदी रोखून धरली. ती घसरण करामुळे आहे अशी खूण केली नसती, तर पुढच्या सप्टेंबरच्या अंदाजातही तोच खड्डा पडला असता.

आता २०२६ च्या उन्हाळ्याचे नियोजन करताना पंचांग समोर ठेवावे लागते. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ असल्यामुळे त्या काळात लग्ने जवळपास नाहीत, आणि याआधीचा अधिक ज्येष्ठ २०१८ मध्ये येऊन गेल्यामुळे आमच्या आकड्यांत त्याचा मागमूस नाही. लग्नांची मागणी आम्ही हाताने एप्रिल आणि मेच्या पूर्वार्धाकडे सरकवली आहे. धोंड्याच्या जेवणांना सरबत लागतेच, असा विक्री विभागाचा आग्रह आहे. तो आकडा त्यांच्या नावानिशी वेगळ्या रकान्यात नोंदवला आहे, म्हणजे जूनअखेर यंत्राचा अंदाज आणि त्यांचा अंदाज शेजारी ठेवून तपासता येईल. तोवर बाटल्यांच्या प्रीफॉर्मची (ज्या फुगवून बाटल्या बनतात त्या प्लास्टिकच्या नळ्यांची) ऑर्डर दोन हप्त्यांत विभागली असून दुसरा हप्ता मेच्या पहिल्या आठवड्यातील विक्री पाहूनच सोडायचा आहे.