हार्मोन बंद केलं, तरी वाढला कसा?

लग्न असो की तेरवी, कुणीतरी विचारतंच: "अण्णांचं ते ऑपरेशन केलं होतं ना? मग आजार परत कसा वाढला?" पुढचं न बोललेलंही मला ऐकू येतं: पोरगी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते आणि बापाला उगीच कापलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

उगीच नव्हतं. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर वाढतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. १९६६ला त्यांना नोबेल मिळालं. हार्मोन तोडायला एकतर कायमची महागडी इंजेक्शनं, नाहीतर अंडकोष काढणं.

संभाजीनगरच्या ओपीडीत डॉक्टरांनी ते इंग्रजीत सांगितलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मराठीत मलाच सांगावं लागलं, लेकीनं बापाला. मी खाली बघून बोलले. अण्णांनी जन्मभर बैल सांभाळलेले. म्हणाले, "म्हंजे बैल बडवतेत तसंच की." मग, "तुझ्या मायला सांगितलंस का?" एवढंच. फॉर्मवर सावकाश पूर्ण सही केली, खाली गावाचं नावही लिहिलं, कुणी मागितलं नसताना. गावी आल्यावर पारावर एकानं हाक मारली, "अण्णा, आता औताला जुंपायचं का?" माणसं हसली. अण्णा परत पारावर गेले नाहीत. त्या हसणाऱ्यांतलेच काहीजण मला आजार कसा वाढला ते विचारतात.

पीएसए, म्हणजे रक्तातला आजाराचा अंदाज देणारा आकडा, धडाधड उतरला होता. दुसरा पोळा यायच्या आत परत चढायला लागला.

कारण पेशीला वाढीचा निरोप फक्त हार्मोनकडून येत नाही. कायनेज नावाची एन्झाइमं असतात. ती दुसऱ्या रेणूला फॉस्फेट जोडतात आणि निरोप पुढे सरकतो. पीआय३के आणि एकेटी ही त्यातली साखळी सांगते: वाढ, मरू नकोस. तिला आवर घालणारं एन्झाइम म्हणजे पीटेन. ते फॉस्फेट काढून टाकतं. पुढच्या टप्प्यातल्या बऱ्याच गाठींमध्ये पीटेनच हरवलेलं असतं. आपल्याकडे एक फेज गेली की कंडेन्सर लावून मोटार चालू ठेवतात, तसं गाठ करते. त्याहून वाईट म्हणजे एकेटीला दाबणारं आणखी एक एन्झाइम हार्मोनच्या जोरावर टिकून असतं. हार्मोन तोडलं की तेही घटतं, आणि एकेटी उलट चढतं. एकेटी दाबावं, तर हार्मोनचा मार्ग जोर धरतो. उंदरांवरच्या प्रयोगांत २०११ साली हे दिसलं.

मग दोन्ही एकदम बंद करा ना, असं तुम्ही म्हणाल. केलं. हार्मोन तोडणाऱ्या अबिराटेरॉनसोबत एकेटी दाबणारं इपाटासर्टिब देऊन मोठी चाचणी झाली, निकाल २०२१ मध्ये आले. पीटेन हरवलेल्या रुग्णांत आजार पुढे सरकायला नुसत्या अबिराटेरॉनवरच्या साडेसोळाऐवजी साडेअठरा महिने लागले. दोन महिने. आयुष्य ठळकपणे वाढलं, असं पुढेही दिसलं नाही.

अण्णांच्या गाठीत पीटेन होतं की नाही, कुणी तपासलं नाही. तपासून तेव्हा हाती काय लागलं असतं?

हे सगळं मला पाठ आहे, तरी तेव्हाची मी आजच्या मला विचारते: इंजेक्शनं घेतली असती तर? आजार तसाच वाढला असता, हे तिलाही कळतं. पण पारावर कुणाला काही कळलं नसतं. मी म्हणते, अण्णांनीच ठरवलं, रान विकायचं नव्हतं त्यांना. ती म्हणते, तुझा पगार होता की.