शिशाच्या घोडेस्वारांवरचे अस्तर

गेल्या पावसाळ्यात एका निवृत्त गृहस्थांनी ५४ मिलिमीटर मापाच्या धातूच्या घोडेस्वारांचा जुना संच तैलरंगात रंगवण्यासाठी माझ्याकडे दिला. १९७०च्या दशकात लंडनमध्ये घेतलेले हे नग कधीच रंगवले गेले नव्हते. घोड्यांच्या पोटाखाली भुरभुरीत पांढरी पूड दिसल्यावर मी चौकशी केली, तेव्हा कळले की रंग चांगला धरावा म्हणून त्यांच्या पुतण्याने सगळे नग आधीच व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले होते.

जुन्या ओतकामात शिशाचे प्रमाण बरेच असते. व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लाने शिशाचे ॲसिटेट होते, हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचे कार्बोनेट, म्हणजे ती पांढरी पूड, बनते, आणि या फेऱ्यात मोकळे झालेले आम्ल पुन्हा खालच्या धातूला लागते. शिसे नसलेल्या नव्या नगांना हा उपाय एक वेळ चालेलही, पण समोरचा धातू कोणता हे न विचारता ऐकीव सल्ल्यावर काहीही कशातही बुडवणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत.

ही पूड कोरडी घासायची नसते, कारण शिशाची धूळ श्वासातून अंगात जाते. म्हणून हातमोजे घालून, ओल्या ब्रशाने ती उतरवली, नग डिस्टिल्ड पाण्यात धुतले आणि दिव्याखाली पूर्ण वाळवले. मग कानशीचे काम सुरू झाले. मऊ धातूने कानशीचे दात लगेच भरतात, त्यामुळे कानशीला आधी खडू घासून घ्यावा लागतो. साच्याच्या दोन भागांची शिवण घोड्याच्या पायांच्या आतून जाते आणि आतले कोण बघणार, असे म्हणून बहुतेक जण ती तशीच सोडतात. मात्र नंतर तैलरंग पुसताना रंग नेमका तिच्या कडेला साचतो आणि काळी रेघ उमटते. ती शिवण बोटाला लागेनाशी होईपर्यंत मी काढतो.

पावसाळी हवेत स्प्रेचा प्रायमर पांढुरका पडतो, म्हणून खोली कोरडी करून राखाडी प्रायमरचे अगदी पातळ हात दिले. त्यावर मॅट ॲक्रिलिकचे रंगीत अस्तर आले. तांबड्या घोड्यासाठी हे अस्तर फिकट नारिंगी-पिवळे ठेवतो. त्यावर बर्न्ट सिएना आणि अंबर हे तपकिरी तैलरंग चोपडून मऊ कापडाने पुसले की उंचवट्यांवर अस्तराची ऊब वर येते, खाचांमध्ये गडद रंग राहतो आणि स्नायू आपोआप दिसू लागतात. इनॅमलचे अस्तर पुरते वाळलेले नसेल, तर टर्पेंटाइन लागताच ते सुटते. ॲक्रिलिकला ती भीती नाही. हे सगळे रंगाखाली जात असल्यामुळे गिऱ्हाईक त्याचे पैसे द्यायला कुरकुरते, आणि या गृहस्थांनीही ‘रंगवण्याआधीच एवढे बिल?’ असे विचारलेच.

पैशांपेक्षा मला वेगळीच गोष्ट अजून छळते. धातूच्या सूक्ष्म छिद्रांत थोडे आम्ल उरले असेल, तर प्रायमरने मी धातूचे रक्षण केले की रोग आत कोंडला, हे वरून पाहून सांगता येत नाही. म्हणून सर्वांत जास्त खाल्लेला एक स्वार मी प्रायमरवरच थांबवला आहे आणि त्याच्या खोगिराखाली फुगवटा येतो का, ते भिंगातून पाहत असतो. बाकीचे नग रंगवून दिले, पण ताज्या प्लायवूडमधूनही आम्लाची वाफ सुटते, म्हणून तशा शोकेसमध्ये ते ठेवू नयेत, ही अट घालूनच. त्यावर त्यांचे म्हणणे असे की सुताराला पैसे आधीच देऊन झाले आहेत.