आमची वाटचाल: एक ड्रॉइंग टेबल आणि 94 कूपनं

आमची जाहिरात एजन्सी एका ड्रॉइंग टेबलावर उभी राहिली. टी-स्क्वेअर, शाईची पेनं, चिकटवायच्या रबर सोल्यूशनचा डबा आणि ब्रोमाइड, म्हणजे जुळवलेला मजकूर उमटवलेला फोटो-कागद, कापायचं कटर, एवढाच संसार. भागीदार लेआउट, म्हणजे जाहिरातीची मांडणी, करायचा, मी कॉपी, म्हणजे मजकूर, लिहायचो. ब्रोमाइडची पट्टी केसभर तिरकी चिकटली तरी तो ती सोलून पुन्हा लावायचा. हेडलाइनच्या अक्षरांमधली जागा तो नुसत्या नजरेनं जुळवायचा. आज ते काम संगणकावर सोडून देतात, आणि ते दिसतं.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग आमच्याच टेबलावर शिकलेल्या एकानं वेगळी चूल मांडली आणि आमच्या क्लायंटना गाठलं. "ते माहिती देतात, मी माल खपवून देतो," हे त्याचं बोलणं. पद्धत ठरलेली: आधी भीती घालायची, मग 'शेवटचे 2 दिवस', आणि खाली पांढऱ्या कोटातला माणूस. तो कोट भाड्याचा आणि माणूसही. 'शेवटचे 2 दिवस' सहा महिने चालले. आमचे 11 पैकी 8 क्लायंट गेले. पेपरांची बिलं आमच्या नावावर आणि वसुली थांबलेली. भागीदारानं स्वतःचा कॅमेरा विकून एक महिना काढला. ते मी विसरलेलो नाही.

टंचाई, अधिकारी माणसाचा शब्द, 'सगळे हेच घेतात' ही हत्यारं आम्हीही वापरतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी 1984 मध्ये मन वळवण्याची जी सहा सूत्रं मांडली, त्यात ही तिन्ही आहेत. पण माल खरंच संपत आला असेल तर 'थोडेच शिल्लक' ही बातमी असते. गोदाम भरलेलं असताना लिहिलं तर ती फसवणूक.

राहिलेल्या तिघांत पंप बनवणारे एक काका होते. तेही डळमळले. "तुमची जाहिरात दिसते छान, पण त्याची चालते म्हणतात." मी म्हटलं, "काका, त्याच्याकडूनही एक करून घ्या. मोजून बघू."

मोजायची रीत अमेरिकन जाहिरात-लेखक क्लॉड हॉपकिन्स यांनी 1923 मध्येच लिहून ठेवली होती: जाहिरातीतल्या कूपनवर खुणेचा आकडा छापायचा, म्हणजे भरून आलेलं कूपन कोणत्या जाहिरातीचं ते कळतं. पेपर तोच, आकार तोच, वार तोच. त्याच्या जाहिरातीत अंधार, बंद पडलेला पंप आणि घाबरलेलं कुटुंब. आमच्यात उघडलेला पंप, प्रत्येक भागाला बाण, आणि कोणत्या आवाजाला बेअरिंग बदलायचं ते. पुढच्या खेपेला क्रम उलटा केला, म्हणजे आधी छापल्याचा फायदा कुणा एकालाच नको. त्याची कूपनं आली 31, आमची 94. काकांनी ती माझ्यासमोर दोनदा मोजली आणि वर्षभराची ऑर्डर दिली. त्या ऑर्डरवर एजन्सी तगली.

कारण पुढे वाचनात सापडलं. जॅनिस आणि फेशबॅक या मानसशास्त्रज्ञांनी 1953 मध्ये विद्यार्थ्यांना दातांच्या निगेवर व्याख्यानं दिली. ज्या गटाला सर्वांत जास्त घाबरवलं, त्यानं सल्ला सर्वांत कमी पाळला. भीतीसोबत हाताशी असलेला उपायही द्यावा लागतो, हे नंतरच्या संशोधनात दिसलं. त्याच्या जाहिरातीत उपाय एकच होता: आजच फोन करा.

नव्या पोरांनो, होर्डिंगवर वाक्य लिहू नका, चार-पाच शब्द लिहा. बघणारा चालत्या गाडीत असतो. रेडिओवर नाव पहिल्या काही सेकंदांत येऊ द्या आणि पुन्हा येऊ द्या. नुसतं वारंवार समोर आल्यानंही गोष्ट आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ झायॉन्क यांनी 1968 मध्ये दाखवलं. वेबवरचं बॅनर 1994 पासून आहे, पण क्लिक मोजून विक्री मोजली असं समजू नका. काकांचं कूपन भरायला पेन शोधावं लागायचं, पाकीट आणावं लागायचं. त्या कष्टात घेणारा ओळखू यायचा.

गेलेल्या आठांपैकी तिघे परत आले. उरलेल्यांपैकी दोघांच्या जाहिराती अजून आमच्या भागीदाराच्या लेआउटवरच चालतात, मोबदला नाही की विचारणा नाही. पेपर उघडला की मला दुरूनच कळतं. अक्षरांमधली ती जागा त्याचीच आहे.