आमची वाटचाल : जुन्या अमेरिकी रिव्हॉल्व्हरची पारख

आमची पेढी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्ड शहरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, आमच्या राहत्या घराच्या तळमजल्यावर आहे. पेढीत माणसे दोनच, मी आणि माझी पत्नी. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी रिव्हॉल्व्हर तपासून त्यांच्या मूल्याचा लेखी अहवाल देणे, एवढे एकच काम आम्ही 2004 पासून करत आलो आहोत. ओळखीच्या मराठी मंडळींना या व्यवसायाचे नवल वाटते आणि काहींना तो पसंतही पडत नाही. म्हणून तो कसा सुरू झाला आणि आम्ही तो कसा चालवतो, हे एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

माझे बालपण कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेले. वडील लेथवर काम करत आणि शाळा सुटली की मी त्यांच्याजवळ जाऊन बसत असे. कानशीची रेघ कशी दिसते, ग्राइंडरची कशी, आणि बफिंगच्या, म्हणजे पॉलिशच्या, चाकाखाली धारदार कोपरा कसा गोल होऊन जातो, हे ओळखायला माझी नजर तिथे तयार झाली. पुढे अभियंता होऊन 1996 साली मी हार्टफर्डजवळच्या एका मशीन टूल कारखान्यात नोकरीला लागलो. रोज जाता-येता हमरस्त्यावरून एक निळा, कांद्याच्या आकाराचा घुमट दिसे. तो रिव्हॉल्व्हर बनवणाऱ्या सॅम्युएल कोल्ट यांच्या 1855 सालच्या कारखान्याचा घुमट. मूळ इमारत 1864 मध्ये जळाली आणि घुमटासह ती पुन्हा उभारली गेली. एलिशा रूट यांच्या देखरेखीखाली या कारखान्यात यंत्रकामाची अशी परंपरा घडली की प्रॅट अँड व्हिटनी ही यंत्रे बनवणारी कंपनी काढणारे फ्रान्सिस प्रॅट आणि एमॉस व्हिटनी हे दोघेही आधी तिथेच काम करत होते. मला रिव्हॉल्व्हरची ओढ लागली ती या वाटेने. शस्त्र म्हणून नव्हे, तर यंत्रकामाचा हाताळता येणारा पुरावा म्हणून.

2001 साली शेजारच्या एका वृद्ध बाईंनी बिस्किटांच्या डब्यात ठेवलेले एक रिव्हॉल्व्हर मला दाखवले. त्यांच्या पतीच्या पणजोबांचे ते कोल्टचे 1851 नेव्ही मॉडेल होते, आणि एक व्यापारी त्याचे चारशे डॉलर द्यायला तयार होता. अशा रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या भागावर, 16 मे 1843 रोजी मेक्सिकोतील कांपेचेजवळ झालेल्या आरमारी लढाईचे चित्र कोरलेले असते. इथे ते पुसट झाले होते, पण बोटाला लागत होते. सगळ्या भागांवर ठोकलेले नंबर जुळत होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सिलिंडरची तीन घरे दारू आणि शिशाच्या गोळ्यांनी भरलेली होती. बंदुकीची काळी दारू कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनीही पेटते, आणि हा डबा कित्येक वर्षे स्वयंपाकघरातील फडताळात पडून होता. एका जाणत्या बंदूक-कारागिराकडून आम्ही ती घरे रिकामी करून घेतली आणि पुढे ते रिव्हॉल्व्हर लिलावात बत्तीसशे डॉलरना गेले. तेव्हापासून आजतागायत, कोणतीही वस्तू टेबलावर आली की नळीत आणि सिलिंडरच्या प्रत्येक घरात लाकडी काडी घालून सगळे रिकामे असल्याची खात्री होईपर्यंत आम्ही दुसरे काही करत नाही.

या प्रसंगात मला चारशे आणि बत्तीसशे यांमधील फरकापेक्षा एक गोष्ट जास्त खुपली. किंमत सांगणारा आणि विकत घेणारा माणूस एकच होता. म्हणून पेढी सुरू करताना आम्ही ठरवले की ज्या वस्तूचे मूल्यांकन करू, ती कधीही विकत घ्यायची नाही, आणि मोबदला तासावर घ्यायचा, किमतीच्या टक्केवारीवर नाही. मूल्यांकनाच्या अमेरिकी व्यावसायिक मानकांनाही टक्केवारी मान्य नाही. संग्रहालयाला पाच हजार डॉलरपेक्षा जास्त किमतीची वस्तू देऊन करसवलत मागायची असेल, तर पात्र मूल्यांककाचा स्वतंत्र अहवाल लागतो, आणि त्याचा मोबदला किमतीशी बांधलेला चालत नाही. तपासलेली वस्तू विकत न घेण्याच्या आमच्या नियमापायी मला माझा स्वतःचा संग्रह सात नगांवर थांबवावा लागला. ज्याला हा छंद आहे, त्याला याची किंमत कळेल. पहिली पाच वर्षे पेढीवर घर चालत नव्हते. 2009 पर्यंत मी नोकरी सोडली नाही.

कामाचे स्वरूप थोडे उलगडून सांगतो. इथल्या संघीय कायद्यानुसार 1898 पर्यंत बनलेले शस्त्र पुरातन मानले जाते आणि 1899 पासूनचे नाही. 1873 साली आलेल्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीच्या बाबतीत ही सीमारेषा साधारण 1,82,000 या अनुक्रमांकापाशी येते. राज्याराज्यांचे कायदे मात्र निराळे असल्याने ते आम्ही प्रत्येक वेळी वेगळे तपासतो. त्यानंतर येतो नंबरांचा प्रश्न. कोल्टच्या कारखान्यात भाग यंत्रावर बनत, पण ते एकमेकांत नीट बसवण्याचे काम कानस घेऊन हातानेच करावे लागे. त्यामुळे एका रिव्हॉल्व्हरचे भाग वेगवेगळ्या प्रक्रियांतून फिरून पुन्हा त्याच रिव्हॉल्व्हरला यावेत म्हणून नळी, चौकट, सिलिंडर, चापाचे संरक्षक कडे, मुठीचा पाठपट्टा, एवढेच काय, नळी धरून ठेवणाऱ्या पाचरीवरही नंबर ठोकला जाई. आज संग्राहक ‘नंबर जुळतात का’ असे विचारतो, त्याचे मूळ या हातकामात आहे.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो पोलादावरचा मूळ मुलामा ओळखण्यात. जुना निळा मुलामा झिजतो तो कडांवर आणि म्यानात घासणाऱ्या नळीच्या टोकावर, आणि झिजता झिजता तपकिरी होतो. नव्याने चढवलेला मुलामा सगळीकडे सारखा असतो, आणि भिंगाखाली त्याच्या तळाशी गंजाचे खड्डे दिसतात. खड्ड्यांवर निळा रंग दिसला, की गंज आधीचा आणि रंग नंतरचा हे उघड होते. स्क्रूच्या छिद्राची कड बशीसारखी खोलगट झाली असेल आणि ठोकलेल्या अक्षरांचे काठ विरले असतील, तर बफिंगचे चाक फिरले आहे असे समजावे. उत्तम म्हटल्या जाणाऱ्या प्रतीसाठी ऐंशी टक्क्यांहून अधिक मूळ मुलामा शिल्लक असावा लागतो. माझे सर्वांना कळकळीचे सांगणे आहे की वारशाने आलेले रिव्हॉल्व्हर चमकवू नका. एका दुपारच्या पॉलिशने निम्म्याहून अधिक मूल्य गेलेले मी अनेकदा पाहिले आहे.

आमच्या हातून झालेली एक चूक इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. 2011 मध्ये दोन भावंडांच्या वाटणीसाठी एक कोल्ट सिंगल ॲक्शन आमच्याकडे आले. नळी साडेपाच इंची होती आणि नंबर कुठेच जुळत नव्हते. सुट्या भागांची जोडणी, असा शेरा मारून मी पंधराशे डॉलर लिहिले. धाकट्या भावाने त्याच किमतीला ते विकले. दोन महिन्यांनी माझी पत्नी छायाचित्रे दप्तरात लावत असताना तिला अक्रोडाच्या मुठीवर भोवती रेघ असलेला एक पुसट शिक्का दिसला : आर. ए. सी. म्हणजे लष्करी निरीक्षक रिनाल्डो ए. कार. लष्कराने घोडदळासाठी घेतलेल्या साडेसात इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरपैकी अनेक रिव्हॉल्व्हर 1895 नंतर सुटी करून त्यांच्या नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या गेल्या, आणि पुन्हा जोडताना बहुतेकांच्या नंबरांकडे पाहिले गेले नाही. संग्राहक यांना आर्टिलरी (तोफखाना) मॉडेल म्हणतात. इथे नंबर न जुळणे हाच त्यांच्या इतिहासाचा भाग आहे. नियम मला पाठ होता, त्याचा अपवादही वाचलेला होता, आणि तरीही मी मूठ भिंगाखाली धरली नव्हती. आम्ही सुधारित अहवाल दिला आणि फरकाची रक्कम त्या गृहस्थांना पोहोचती केली. आमच्या त्या वर्षीच्या उत्पन्नाच्या ती जवळजवळ चौथाई होती. तेव्हापासून प्रत्येक अहवालावर दोघांची स्वतंत्र तपासणी होते आणि दोघांच्याही सह्या असतात.

पत्नी ग्रंथपालनशास्त्र शिकलेली असल्याने कागदपत्रांची बाजू पूर्णपणे तिच्याकडे आहे. तिचे काम माझ्या कामापेक्षा अवघड आहे असे मी मानतो. शेरिफ पॅट गॅरेट यांनी ज्या कोल्टने कुख्यात गुंड बिली द किडला मारले, ते 2021 मध्ये साठ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. तसेच, पण इतिहास नसलेले रिव्हॉल्व्हर काही हजारांत मिळते. बाकी सगळे मोल मालकीच्या अखंड, कागदोपत्री साखळीचे. आमच्याकडे येणाऱ्या दहापैकी नऊ कुटुंबांत अशी एखादी कथा असते, आणि पुरावा मात्र नसतो. तिथे ती कथा ‘कुटुंबाचे म्हणणे’ म्हणून नोंदवायची आणि त्यासाठी मूल्यात एक डॉलरही वाढवायचा नाही, हा तिचा दंडक आहे. कोल्टच्या अभिलेखागाराकडून कारखान्याचे पत्र मागवले, तर नंबरावरून रवानगीची तारीख आणि मूळ खरेदीदार कधीकधी कळतो. मात्र 1860 च्या दशकापूर्वीच्या नोंदी तुटक आहेत.

अलीकडे महाराष्ट्रातूनही विचारणा होते. कोल्ट यांनी 1853 ते 1856 या काळात लंडनमध्ये कारखाना चालवला होता आणि तिथली नेव्ही रिव्हॉल्व्हर ब्रिटिश अधिकाऱ्यांबरोबर हिंदुस्थानात आली, त्यामुळे जुन्या घराण्यांत एखादे सापडणे अशक्य नाही. पण भारतातील 1959 च्या शस्त्र कायद्यातील सवलत दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या जुन्या शस्त्रापुरती आहे, आणि ते छायाचित्रावरून ठरवता येत नाही. म्हणून अशांना आम्ही आधी परवाना अधिकाऱ्यांकडे जाण्यास सांगतो आणि मूल्य सांगत नाही.

सध्या टेबलावर लंडनचा पत्ता कोरलेले असेच एक नेव्ही आहे, न्यू जर्सीतील एका कुटुंबाचे. चौकट, नळी आणि सिलिंडर यांचे नंबर जुळतात, पाचरीचा जुळत नाही. पाचरी हरवत आणि बदलल्याही जात. पण ही पाचर घट्ट बसते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना कानशीच्या जुन्या रेघा आहेत. ती त्या काळातच कोणी हाताने बसवली असावी असे मला वाटते. पत्नीची तपासणी अजून व्हायची आहे.