3 जूनचं सत्र

कॅसची, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेची, फाइल तपासायला घेतली की प्रशिक्षणाचा भाग मी शेवटी ठेवतो. वर्षवार स्वमूल्यांकन, नेमून दिलेल्या तासांपैकी किती घेतले (80 टक्के आणि वर असेल तर 'चांगले', 70 ते 80 'समाधानकारक'), समित्यांची कामं हे तासाभरात होतं. गाडी अडते ती प्रमाणपत्रांवर.

ठाण्यातल्या आमच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या मॅडम 1 जुलै 2018 ला वेतनाच्या लेव्हल 11 मध्ये गेल्या. लेव्हल 12 साठी लागणारी पाच वर्षं 1 जुलै 2023 ला पूर्ण होत होती. फाइल आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, टेबलावर आली 28 जूनला. अर्ज ड्यू डेटच्या तीन महिने आधीपासून देता येतो, आणि ती सोय उगाच ठेवलेली नाही. एप्रिलमध्ये त्रुटी सापडली तर मे महिन्याच्या सुट्टीत ती भरून काढता येते. पण जर्नल शेवटच्या दिवशी आणलं म्हणून पोरांवर ओरडणारे आम्ही स्वतःची फाइल तशीच आणतो.

फाइलमध्ये 41 प्रमाणपत्रं होती. त्यातली 26 एकदिवसीय वेबिनारची, 9 ऑनलाइन प्रश्नमंजूषांची, 3 दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळांची. सगळी 2020 आणि 2021 ची. टाळेबंदीत ही प्रमाणपत्रं कशी निघायची ते आम्हाला पाठ आहे. गुगल फॉर्मला सर्टिफायएम हे प्रमाणपत्रं पाठवणारं ॲड-ऑन जोडायचं, दहा प्रश्न टाकायचे, 40 टक्के मिळाले की पीडीएफ आपोआप मेलवर. साध्या जीमेलवरून दिवसाला शंभरच मेल जायचे, त्यामुळे उरलेल्यांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळायची आणि कार्यक्रमाची तारीख एक, प्रमाणपत्राची दुसरी. कॅससाठी या 38 कागदांचं वजन शून्य. ते पारदर्शक पाकिटात घालून, अनुक्रमांक टाकून लावले होते. सांगताना जीव तुटतो, पण सांगावं लागतं.

उरली तीन. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीप्रमाणे या टप्प्याला दोन गोष्टी लागतात. किमान दहा दिवसांचा रिफ्रेशर किंवा तत्सम कोर्स ही एक धरली जाते. दहा दिवसांच्या एका कोर्सऐवजी किमान पाच दिवसांचे दोन चालतात. ई-प्रमाणपत्र असलेला विषयाचा मूक (MOOC), म्हणजे सर्वांना खुला ऑनलाइन, कोर्सही चालतो. मॅडमचा दोन आठवड्यांचा रिफ्रेशर चोख होता. दुसऱ्या गोष्टीसाठी त्यांनी दोन एफडीपी, म्हणजे शिक्षक-विकास कार्यक्रम, लावल्या होत्या. पहिली 18 ते 22 मे 2020, सोमवार ते शुक्रवार, पाच दिवस. दुसरीवर ठळक अक्षरात 'एक आठवड्याची एफडीपी', 1 ते 5 जून 2020.

प्रमाणपत्रावरच्या 'एक आठवडा' या शब्दांवर मी विश्वास ठेवत नाही, मागे जोडलेलं वेळापत्रक बघतो. त्यात 1, 2, 4, 5 जून अशाच तारखा होत्या आणि खाली एक ओळ: '3 जून : निसर्ग चक्रीवादळामुळे सत्र नाही.' त्या दिवशी वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं होतं. वीज आणि नेट नसताना झूम कोण लावणार? आयोजकांनी ती तीन तासांची भरपाई पुढच्या दोन दिवसांत दीड-दीड तास वाढवून केली होती. म्हणजे पंधरा तास पूर्ण, दिवस चारच.

नियमात शब्द आहे 'पाच दिवस'.

स्टाफरूममध्ये लगेच सल्ले सुरू झाले. एक म्हणाले, "वेळापत्रक काढून टाका, मागतंय कोण?" दुसऱ्यांनी आयोजक कॉलेजकडून नव्या तारखांचं पत्र आणायला सांगितलं. तिथले समन्वयक तोवर निवृत्त झाले होते, आणि नसते झाले तरी 3 जूनला सत्र झालं असं कोणी लिहून द्यायचं? ज्यांनी प्रामाणिकपणे ती ओळ छापली त्यांच्याकडूनच खोटं मागायचं, हे मला पटलं नाही. मॅडमनाही पटलं नाही.

त्यांचा मुद्दा मात्र बिनतोड होता. "सर, स्वयम पोर्टलवरचा अर्पित हा शिक्षकांचा ऑनलाइन कोर्स चाळीस तासांचा. तो यूजीसीने रिफ्रेशरच्या बरोबरीचा धरला. तिथे तास मोजता, इथे दिवस?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. एवढंच म्हणालो की अर्पितला शेवटी परीक्षा असायची. त्यांनी 2022 मध्ये बारा आठवड्यांचा एक एनपीटीईएलचा ऑनलाइन मूक कोर्सही केला होता, असाइनमेंट सगळ्या वेळेत. पण परीक्षेसाठी वेगळे हजार रुपये भरून केंद्रावर जावं लागतं, आणि त्याच दिवशी कॉलेजात त्यांची सुपरव्हिजन लागली होती. परीक्षा नाही तर ई-प्रमाणपत्र नाही. तो एक कागद असता तर ही चर्चाच झाली नसती.

फाइल तशीच पुढे पाठवावी का? समितीने नाकारली तर फेरमूल्यांकन वर्षभरानंतरच, आणि पदोन्नतीही नकाराच्या तारखेनंतर एक वर्षाने धरली जाते. थांबून आणखी एक पाच दिवसांची एफडीपी केली तर ज्या दिवशी पात्रता पूर्ण होईल त्या दिवसापासून लेव्हल 12. मी तिसरंच केलं. मार्गदर्शन मागवणारं पत्र लिहिलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं: 'नियमानुसार कार्यवाही करावी.' तोवर सत्र भरात आलं होतं, ड्युटी लीव्ह मिळेना. त्या सहा आठवड्यांचा दोष माझा आहे. जुलैतच एखाद्या ऑनलाइन एफडीपीला नाव घाला म्हटलं असतं तर नुकसान तीन-चार आठवड्यांवर आटोपलं असतं.

शेवटी 20 ते 24 नोव्हेंबर. पाचही दिवसांची हजेरी, वेळापत्रक, समारोपाचा फोटोसुद्धा त्यांनी जोडला. लेव्हल 11 चं मूळ वेतन 68,900 पासून, 12 चं 79,800 पासून. जवळजवळ पाच महिने गेले, आणि त्यावरच्या लेव्हल 13ए साठीची पुढची तीन वर्षंही आता नोव्हेंबरपासून मोजायची.

नंतर ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये वाशीकडच्या कॉलेजातले एक सहकारी भेटले. तीच जून 2020 ची एफडीपी, तेच प्रमाणपत्र, त्यांची फाइल पास. "आमच्याकडे कोणी मागचं पान उलटलंच नाही," ते म्हणाले. सेवापुस्तकाच्या पडताळणीत एखाद्याने ते उलटलं तर वसुली लागेल. बहुतेक कोणी उलटणार नाही. हे मी मॅडमना सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात त्यांनी एका एफडीपीचं माहितीपत्रक पाठवलं. "सर, रविवार धरून सहा दिवस लिहिलंय. चालेल?" मी लिहिलं, मधे सरकारी सुट्टी येतेय का बघा, आणि रविवारी सत्र आहे का तेही.