जायला सगळे तयार, ठेवून घ्यायला कोण?

रोटरी फ्रेंडशिप एक्सचेंजची, म्हणजे दोन देशांतल्या रोटरी सभासदांनी एकमेकांच्या घरी राहायला जाण्याची, सूचना ग्रुपवर पडली की जाणाऱ्यांची यादी बघता बघता भरते. विमानाचं भाडं, व्हिसा, प्रवासविमा सगळं ज्याचं त्याने करायचं, रोटरी फाउंडेशन (रोटरीचा निधी सांभाळणारी संस्था) यात एक पैसाही घालत नाही, हे ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. तरी भरते. त्याच सूचनेत खाली आणखी एक ओळ असते: तिकडचा गट आपल्याकडे येईल तेव्हा पाहुणे कोण कोण घरी ठेवून घेईल? त्यावर कुणी काही बोलत नाही. मग एखादा अंगठा उमटतो. मग कुणीतरी विचारतं, "हॉटेलचं बघता येणार नाही का?"

नाही बघता येणार. हॉटेलात उतरवायचं असेल तर ती सहल झाली, आणि सहली काढणारे लोक ते काम आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं करतात.

डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे आमच्या भागातल्या रोटरी क्लबांच्या गटाच्या, एक्सचेंज समितीचं काम माझ्याकडे आल्यापासून हे वाक्य मी इतकं घोकलंय, की आता बैठकीत मी तोंड उघडायच्या आत डिस्ट्रिक्टचे प्रमुख, म्हणजे प्रांतपालच, ते म्हणून टाकतात.

रोटरीबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात. दोन देशांतले दोन रोटरी डिस्ट्रिक्ट आपसांत ठरवतात. एकीकडचे काही सभासद, बहुधा जोडीने, दुसरीकडे जातात आणि तिथल्या सभासदांच्या घरी राहतात. एका क्लबकडे दोन-तीन रात्री, की पुढच्या क्लबकडे. राहणं, जेवण, तिथलं फिरणं यजमानांकडे. नंतर यजमान मंडळी यांच्याकडे येतात. सभासद नसलेल्यांनाही गटात घेता येतं. शाळा-कॉलेजातल्या मुलांचं यूथ एक्सचेंज वेगळं. तरुण व्यावसायिकांना परदेशी पाठवणारं ग्रुप स्टडी एक्सचेंजही वेगळं. ते १९६५ ला सुरू झालं आणि २०१३ ला बंद झालं. त्याला फाउंडेशनचे पैसे होते, म्हणून जुन्या सभासदांच्या डोक्यात अजून घोळ आहे. "आमच्या वेळी तिकीट मिळायचं" असं ऐकवणारा एक तरी भेटतोच.

आता यजमानपणाबद्दल. रोटरीचा जन्मच मुळी एकमेकांच्या जागी जाण्यातून झाला. पॉल हॅरिस व्हरमाँटमधल्या वॉलिंगफर्ड या छोट्या गावात आजी-आजोबांकडे वाढलेला. वकील होऊन शिकागोत आला, धंदा बरा चालला, पण रविवारी ज्याच्याकडे सहज जावं असं माणूस नाही. २३ फेब्रुवारी १९०५ ला युनिटी बिल्डिंगमधल्या ७११ नंबरच्या खोलीत चौघे जमले: हा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी. खोली खाण अभियंत्याची, गस्टावस लोअरची. पुढची बैठक दुसऱ्याकडे, त्यानंतरची तिसऱ्याकडे. या फिरत्या बैठकांवरून 'रोटरी' हे नाव पडलं. म्हणजे सुरुवातीला प्रत्येकावर पाळीपाळीने यजमान व्हायची वेळ येत होती. नुसतं पाहुणा म्हणून येऊन बसायची सोय नव्हती. पुढे क्लब मोठे झाले, बैठका सभागृहांत गेल्या, ते स्वाभाविकच आहे. पण आपल्या दारातून दुसऱ्याला आत घेण्याची ती सवय आता फक्त एक्सचेंजमध्ये उरली आहे, असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र मी आल्या आल्या बदलली. बैठकीत हात वर करून "आमच्याकडे दोघं राहतील" असं सांगणारा एक असतो आणि प्रत्यक्षात ठेवून घेणारं माणूस घरी असतं. त्या माणसाला हे पाहुणे दाराशी येईपर्यंत माहीतही नसतं. १९८९ पर्यंत रोटरीच्या घटनेत बायकांना सभासदत्वच नव्हतं. तेव्हा नवरा रोटेरियन, बायको 'अ‍ॅन', आणि एक्सचेंज म्हटलं की अर्धं काम अ‍ॅनचं, तेही न विचारता. मीही आधी अ‍ॅन होते, मग स्वतःच्या नावाने सभासद झाले, त्यामुळे दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. आता नाव आलं की मी घरी फोन करते आणि घरातल्या दुसऱ्या माणसाशी बोलते. ती बाई असो की बुवा. "तुम्हाला चालेल का?" एवढंच. काही वेळा पलीकडून हसू येतं, काही वेळा आधी दीर्घ श्वास. श्वास आला की मी नाव काढते. यजमान महाशय रागावतात, पण पाहुण्यांचा तिसरा दिवस चांगला जातो.

तिसरा दिवस म्हणाले, कारण पहिल्या दिवशी सगळे गोड असतात. दुसऱ्या दिवशी सगळे दमलेले. तिसऱ्या दिवशी पाहुणा स्वतःहून स्वयंपाकघरात येऊन पाणी घेतो, यजमान घरच्या जुन्या कपड्यांत समोर येऊन बसतो, आणि मुलांचं काय चाललंय ते खरं खरं बोललं जातं. म्हणूनच एका घरी एकच रात्र, असा कार्यक्रम माझ्याकडे आला की मी परत पाठवते. क्लबांची संख्या वाढवायच्या नादात पाहुण्यांच्या बॅगा रोज या डिकीतून त्या डिकीत जातात आणि शेवटी त्यांना घरं नव्हे, पार्किंगच्या जागा लक्षात राहतात.

जोड्या लावण्याचं काम मला मनापासून आवडतं. आमचा फॉर्म लांबलचक आहे आणि लोक त्याला नावं ठेवतात. जिने चढता येतात का, घरात कुत्रा-मांजर चालेल का, औषधं कोणती, कशाची अ‍ॅलर्जी, झोपायची वेळ, घोरता का. सगळ्यात महत्त्वाचा रकाना व्यवसायाचा. त्यात लोक नुसतं 'निवृत्त' असं लिहून मोकळे होतात. मी परत विचारते, कशातून निवृत्त? त्याचं उत्तर आलं की अर्धी जोडी जमलीच. एकाच धंद्यातले दोघे एकत्र ठेवावेत असं सगळे सांगतात. माझा अनुभव थोडा निराळा आहे: शेजारच्या धंद्यातले ठेवावेत. दोन दंतवैद्य एकत्र आले की यंत्रांच्या किमतींवर बोलतात आणि गप्प होतात.

एका खेपेला आमच्याकडे पाणीपुरवठ्यात आयुष्य घालवलेला अभियंता पाहुणा होता. त्याला मी पॅथॉलॉजी लॅब चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे दिलं. त्या रात्री बाई सहज म्हणाल्या, की एका वस्तीतून जुलाबाचे रुग्ण दर पावसाळ्यात येतात, आणि पाण्याचा अहवाल मात्र दर वेळी चांगला. त्याने विचारलं, नमुना घेतात कुठून? बाईंनी चौकशी केली. टाकीपाशी. दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालय होतं. गट संग्रहालयात गेला, हे दोघं बाटल्या आणि क्लोरीन तपासायचा संच घेऊन वस्तीत गेले. टाकीजवळ क्लोरीन भरपूर, मधल्या नळांना कमी, शेवटच्या नळाला जवळजवळ नाहीच. पाणी पाइपातून जाताना क्लोरीन खर्च होत जातं. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम तरी ते ग्राहकाच्या नळापर्यंत उरलं पाहिजे, म्हणून तपासणी टोकाला करायची. त्याला हे पाठ होतं. बाईंना रोग पाठ होते. मधला पाइप दोघांनी मिळून शोधला.

पुढे त्या वस्तीसाठी दोन्ही क्लबांनी मिळून काम काढलं. ज्यांना ग्लोबल ग्रँट, म्हणजे मोठ्या आंतरराष्ट्रीय कामांना फाउंडेशनकडून मिळणारं अनुदान, माहीत आहे त्यांना कळेल की याला काय किंमत आहे: किमान ३०,००० डॉलरचा प्रकल्प, आणि प्रायोजक दोन, एक जिथे काम आहे त्या देशातला, एक बाहेरचा. बाहेरचा भागीदार मिळवायला क्लब अनोळखी पत्त्यांवर ईमेल पाठवत बसतात. ज्याने तुमच्या घरी पाहुणा म्हणून दिवस काढलेत तो तुमचं ईमेल उघडतो.

पण हे वाचून कुणी पहिल्याच संध्याकाळी पाहुण्यांच्या हातात प्रकल्पांची फाइल ठेवू नये. असं होतं. मी पाहिलंय. प्रवासाने डोळे तारवटलेली माणसं, आणि समोर पडद्यावर शौचालयांच्या खर्चाचा तक्ता. पाहुण्याला त्या क्षणी आपण माणूस नसून देणगीदार आहोत असं वाटतं, आणि ते उरलेल्या मुक्कामात पुसलं जात नाही.

भाषणांचंही तेच. प्रत्येक क्लबला सत्कार करायचा असतो, बॅनरची अदलाबदल करायची असते, फोटो काढायचे असतात. बॅनरला माझी ना नाही, दोन मिनिटांचं काम आहे. पण दर संध्याकाळी तीच ओळख, तेच मनोगत, आणि माजी अध्यक्षांची रांग! कार्यक्रमपत्रिकेत मी रोज दुपारी रिकामी जागा ठेवायला लावते. तिथे 'विश्रांती' लिहिलं की क्लब लगेच काहीतरी भरतात, म्हणून आता 'यजमान कुटुंबासोबत' असं लिहिते. त्याला हात लावायला जरा संकोच वाटतो त्यांना.

गेल्या महिन्यात एका तरुण सभासदाने विचारलं, या सगळ्या मैत्रीने जगात काय फरक पडतो? प्रश्न बरोबर आहे, आणि गुळगुळीत उत्तर द्यायचं मी टाळलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपातल्या रोटेरियन लोकांचं एकमेकांकडे भरपूर येणं-जाणं होतं. त्याने युद्ध थांबलं नाही. नाझी राजवटीत १९३७ साली जर्मनीतले क्लब बंद झाले. जपानमधले १९४० साली बंद झाले, मात्र तिथले काही सभासद वारांची नावं घेऊन, 'गुरुवार क्लब' वगैरे म्हणवत, भेटत राहिले. दोन्ही देश १९४९ मध्ये पुन्हा रोटरीत आले. आणि १९५० मध्ये फ्रान्स आणि जर्मनीच्या रोटेरियन लोकांनी स्ट्रासबर्गला एकत्र समिती केली, तिच्यातूनच दोन देशांतल्या रोटेरियन लोकांना जोडणाऱ्या आजच्या आंतरदेशीय समित्या उभ्या राहिल्या. मैत्री युद्धाच्या आड येत नाही. युद्ध संपल्यावर पहिला फोन कुणाला करायचा, हे मात्र ठरलेलं असतं. मी त्याला एवढंच म्हणाले. त्याचं समाधान झालं असं दिसलं नाही, पण त्याने घरच्यांना विचारून सांगतो म्हटलं, आणि त्याच्या आईचा होकार मला स्वतंत्रपणे आला.

येत्या वर्षाच्या कामाचं सांगते. १ जुलैला प्रांतपाल बदलतात, अध्यक्ष बदलतात, आणि अर्धवट ठरलेली एक्सचेंजेस बहुतेक तिथेच हरवतात. त्यामुळे यजमानांची नावं मला जूनच्या आत हवीत. मोठं घर लागत नाही. स्वच्छ न्हाणीघर, दार लावता येईल अशी खोली आणि संध्याकाळी घरी असणारं कुणीतरी, इतकं पुरतं. एकटे राहत असाल तरी चालेल. एकट्या सभासदांकडे पाहुणे फार रमतात, असा अनुभव आहे.

आणि यंदापासून नियम असा, की जाणाऱ्यांच्या यादीत आधी त्यांची नावं, ज्यांनी पाहुणे ठेवून घेतले. उरलेल्या जागा मग इतरांना. काही ज्येष्ठांनी प्रांतपालांकडे तक्रार केली आहे की हा नियम जाचक आहे. प्रांतपालांनी ती तक्रार माझ्याकडे पाठवली. मी ती वाचली, आणि तक्रारदारांच्या घरी फोन लावला, दुसऱ्या माणसाशी बोलायला.